घमेलं, पगार आणि स्पॅनिश

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी रेडिओचा आवाज कमी करून भाकऱ्या थापायला वळतील. भाकऱ्या थापा, पण आवाज कमी करू नका. आज आपण स्पॅनिश भाषेबद्दल बोलणार आहोत. शाळेतली पोरं ही भाषा कशी शिकतात, फिरून, खेळून, काहीबाही बनवून कशी शिकतात, आणि शहापूर-मुरबाडच्या आपल्या पोरांना त्यातलं काय घेता येईल, एवढंच.

हा विषय आम्ही घेतला तो तुमच्यातल्याच दोघींमुळे. आलेले प्रश्न चाळताना दोन प्रश्न एकाखाली एक आले. पहिल्या ताई शहापूरच्या. त्यांची मुलगी नववीत आहे. मोबाईलवर स्पॅनिश शिकवतो म्हणणारा एक क्लास काही हजार रुपये फी मागतोय, भरावी का, असं त्या विचारतात. दुसऱ्या बाई मुरबाडकडच्या एका वाडीतल्या. त्या म्हणतात, आम्ही घरात कातकरी बोलतो. पोरगा शाळेत बोलायला उभा राहिला की बाकीची मुलं हसतात, मग तो बोलतच नाही. आता आम्ही घरातही त्याच्याशी शाळेचीच भाषा बोलायची का?

एक प्रश्न सातासमुद्रापलीकडच्या भाषेचा, दुसरा चुलीपुढच्या. पण आम्ही बसून विचार केला तेव्हा दोन्हींचं उत्तर एकाच दिशेला दिसलं.

आधी श्रीमंत शाळांचं बघू. मुंबई-पुण्यात आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा आहेत. तिथे बरीच मुलं फ्रेंच किंवा स्पॅनिश घेतात. काही शाळा सुटीत मुलांना थेट स्पेनला नेतात. मुलं तिथल्या कुटुंबात राहतात, बाजारात जातात, बसचं तिकीट काढतात. शाळेत दोन वर्षांत जे तोंडातून निघत नाही ते तिथे आठवड्यात निघायला लागतं. यात जादू काही नाही. जेवताना मीठ हवं असेल आणि समोरच्या आजींना फक्त स्पॅनिश येत असेल, तर मीठ मागावंच लागतं. चुकलं तरी मीठ मिळतं. वर्गात चुकलं तर गुण जातात. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

हे ओळखून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका कॉलेजने १९६१ साली एक गंमत केली. मुलांना परदेशी न्यायच्या ऐवजी त्यांनी रानातल्या तळ्याकाठी परदेशच उभा केला. पहिल्यांदा जर्मन भाषेसाठी, पुढे स्पॅनिश आणि इतर भाषांसाठी. मुलं सुटीत तिथे राहायला येतात. आल्या आल्या नवं नाव घेतात, दुकानात त्या देशाच्या पैशांत खरेदी करतात, गाणी म्हणतात, रांधतात, आणि हे सगळं त्या एका भाषेतच करतात. तळं तेच आणि झाडंही तीच, बदलली फक्त भाषा.

तळी आपल्याकडे कमी नाहीत. भातसा आणि तानसा शहापुरातच आहेत, मुंबई त्यांचंच पाणी पिते. (आपल्या किती पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यावर वेगळा कार्यक्रम करू.) तेव्हा जागेची अडचण नाही. आणि प्रवासाचं म्हणाल, तर आपली पोरं काय कमी प्रवास करतात? दिवाळी झाली की किती घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, रायगडातही. पोरं बरोबर जातात. तिथे मालकाची भाषा वेगळी, ट्रकवाल्याची वेगळी, बिहारहून आलेल्या भट्टीवाल्याची आणखी वेगळी. पावसाळ्याच्या तोंडावर पोरगं परत येतं तेव्हा त्याला हिंदी समजत असते, आगरी बोली कळत असते. हा भाषेचा प्रवास कुठल्याच शाळेच्या वहीत लिहिला जात नाही. वहीत लिहिलं जातं ते एकच, गैरहजर.

आता भट्टीचंच घ्या. तुम्ही डोक्यावर घमेलं घेता. घमेलं हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे तो 'गामेला', आणि स्पॅनिशमध्ये तसाच लाकडी पाटीसारख्या भांड्याला 'गामेया' म्हणतात. आठवड्याचा पगार घेता. 'पागार' म्हणजे पोर्तुगीजमध्ये पैसे चुकते करणं, आणि स्पॅनिशमध्येही अगदी तेच. पाणी बालदीने काढता, स्पॅनिशमध्ये बालदीला 'बाल्दे'. पाणी साठवायचं पिंप, त्यांचं 'पीपा'. दाराची बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा'. चावीला ते 'याव्हे' म्हणतात, ते जरा दूरचं वाटेल, पण पोर्तुगीजमध्ये तीच 'शाव्ह' आहे, आणि आपली चावी तिथून आली. पाव म्हणजे 'पान', तंबाखू म्हणजे 'ताबाको'. बटाट्याला स्पेनमध्ये 'पताता' म्हणतात. पूर्वीच्या बायका पायातल्या चपलेला सपाता म्हणत, तिथे बुटाला 'सापातो' म्हणतात. पपईला तर 'पापाया', वेगळं काही शिकायलाच नको.

म्हणजे आपण बसल्या जागी डझनभर स्पॅनिश शब्द जवळजवळ बोलतोच. कसं झालं हे? पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. मराठी-गुजराती शेजारी ठेवल्या तर जसं साम्य दिसतं, तसं या दोघींत दिसतं, किंबहुना जरा जास्तच. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं वसई-ठाण्याच्या पट्ट्यात पोर्तुगीज बोलली गेली, आणि शब्द बैलगाडीतून, डोक्यावरच्या पाटीतून आत आत सरकत आपल्यापर्यंत आले. आणखी एक गंमत बघा. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या राजाकडेच होतं. म्हणजे साठ वर्षं वसईच्या किल्ल्याचा धनी स्पेनचा राजा होता.

म्हणून आम्हाला वाटतं, शाळेची सहल जर काढायचीच असेल तर एक सहल वसईच्या किल्ल्याची काढावी. शहापूरच्या मुलांनी आसनगावला लोकलमध्ये बसावं, मुरबाडच्या मुलांनी एसटीने कल्याण गाठावं, पुढे वसई. किल्ल्यातल्या पडक्या इमारतींत फरशीवर जुन्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांच्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. मुलांनी एकेक दगड वाटून घ्यावा, कागद ठेवून वरून कोळसा किंवा पेन्सिल घासावी, अक्षरं कागदावर उमटतात. मग त्यातला एखादा तरी शब्द ओळखायचा. वर्षाचा आकडा ओळखायचा. इतिहासाच्या पुस्तकातली वसईची लढाई आणि घरातलं घमेलं एकाच दुपारी एकत्र येतात. आता स्पॅनिश परकी राहिली का?

शब्द झाले. पण भाषा म्हणजे नुसते शब्द नाहीत, आणि इथेच खरी मजा आहे. इंग्रजीने आपल्या पोरांना जो घाम फोडलाय तो स्पॅनिश फोडत नाही, याची कारणं आहेत. इंग्रजीत लिहितात एक, बोलतात दुसरं. स्पॅनिशमध्ये लिहिलं तसं वाचायचं, आपल्या बाराखडीसारखं. नियम थोडे आहेत: 'एच' अक्षर बोलायचंच नाही, दोन 'एल' आले की बहुतेक ठिकाणी 'य', 'जे' आला की घशातून 'ख'सारखा आवाज. स्वर पाचच. त्यांचा त आपल्या त सारखा दातावर, द दातावर. इंग्रज माणसाला स्पॅनिशचा त म्हणता म्हणता वर्ष जातं, आपल्या अंगणवाडीतल्या पोराला तो येतोच. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि र लांबवून 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हाही फरक मराठी जिभेला जड नाही.

आणि वाक्यं बघा. इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशा चालीचं वाक्य करावं लागतं. आपण म्हणतो, मला आंबा आवडतो. आंबे असले तर, मला आंबे आवडतात. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मे गुस्ता एल मांगो', आणि आंबे अनेक असले तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मे' म्हणजे मला. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. हुबेहूब आपल्यासारखं! डोकं दुखतं हे सांगताना तो म्हणतो 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे मला डोकं दुखतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, तसं त्यांचं 'नीन्यो बुएनो' आणि 'नीन्या बुएना'. फक्त 'चांगलं पोर' म्हणायची सोय त्यांच्याकडे नाही, तिथे नपुंसकलिंगी नामं नाहीत. आपल्याकडे धाकट्याला तू आणि मोठ्याला तुम्ही, तसं त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद'. होय, त्यांचा तू म्हणजेसुद्धा तूच! बोलतेस म्हटलं की कोण ते वेगळं सांगावं लागत नाही, तसंच त्यांच्याकडे 'आब्लास' म्हटलं की पुरे. आकडे मोजा: दोन-'दोस', तीन-'त्रेस', सात-'सिएते', आठ-'ओचो', नऊ-'नुएवे', दहा-'दिएस'. संस्कृत आणि लॅटिन एकाच मोठ्या कुळातल्या, त्याच्या या खुणा. मराठी त्याच कुळातली, कातकरीही त्याच कुळातली.

अवघड नाही असं मात्र आम्ही म्हणत नाही. क्रियापदांची रूपं पुष्कळ आहेत, आणि 'असणे' या एका क्रियापदासाठी त्यांची दोन आहेत. पण ती गोष्ट पुढची. सुरुवातीला व्याकरणाची वही उघडूच नये.

मग काय उघडावं? जेम्स ॲशर नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. शिकणाऱ्याने आधी बोलायचंच नाही. शिकवणाऱ्याने सांगायचं ऊठ, बस, दाराकडे जा, आणि त्याने ते करायचं. कान आणि हातपाय आधी, जीभ नंतर. आता सांगा, तुम्ही तुमच्या तान्ह्या बाळांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने शिकवलंत? ये, बस, दे, घे, ता-ता कर. वर्षभर बाळ नुसतं ऐकतं आणि करतं. कोणी म्हणत नाही की याला मराठी येत नाही. स्पॅनिशचंही असंच करावं. 'लेवांताते' म्हटलं की उठायचं, 'सिएन्ताते' म्हटलं की बसायचं. महिनाभर एवढंच खेळलं तरी चालेल.

आणि गोकुळाष्टमी आली की? आपल्या ठाणे जिल्ह्याला दहीहंडी काय सांगायची! मेक्सिकोत, जिथे स्पॅनिश बोलतात, मुलांचा एक खेळ आहे, 'पिन्याता'. पूर्वीच्या पद्धतीत मातीचं मडकं घेतात, त्याला रंगीत कागद चिकटवून चांदणीसारखा आकार देतात, आत खाऊ भरतात आणि दोरीने वर टांगतात. एका मुलाचे डोळे बांधतात, हातात काठी देतात, बाकीची ओरडून वाट दाखवतात. मडकं फुटलं की खाऊ खाली आणि पोरं त्याच्यावर. आपल्या पोरांना हे समजावून सांगायला एक मिनिट लागेल. मडकं कुंभाराकडून आणा, पतंगाचा कागद आणा, खळ घरची. मुलींनी चांदणी करावी, मुलांनीही करावी. आत चणे-शेंगदाणे, चिंचेच्या गोळ्या. अट एकच, ओरडायचं ते स्पॅनिशमध्ये: वर म्हणजे 'आर्रीबा', खाली म्हणजे 'आबाहो', डावीकडे 'इस्कियेर्दा', उजवीकडे 'देरेचा'. हे चार शब्द पाठ करायला सांगितले तर दोन दिवसांत विसरतील. मडकं फोडताना ओरडलेले शब्द म्हातारपणी आठवतील.

दसऱ्याला झेंडू आहेच. आपण ज्याला घरचं फूल समजतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, आणि त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपल्याकडे पितृपक्ष संपतो, नवरात्र येतं, आणि झेंडूचं तोरण दाराला लागतं. तोरण ओवता ओवता मुलांना ही गोष्ट सांगावी आणि 'फ्लोर' म्हणजे फूल हा शब्द द्यावा. मिरची, मका, टोमॅटो, पेरू, सीताफळ, शेंगदाणा, सगळे तिकडून आलेले. पेरू फळाचं नाव तर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची आठवण देतं, आणि त्या देशात आज स्पॅनिश बोलतात. आठवडे बाजारात मुलांना न्या, चिठ्ठ्या द्या, भाज्यांची नावं स्पॅनिशमध्ये लिहून चिकटवायला सांगा. विकणाऱ्या मावशींना आधी विचारा बरं का. म्हशाच्या जत्रेत गुरांच्या बाजारात मुलं फिरतातच, तिथे गाय 'वाका', बैल 'तोरो', घोडा 'काबायो', शेळी 'काब्रा' एवढं मोजत फिरलं तरी एक धडा झाला.

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर एक झालेली गोष्ट सांगतो. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, तिथून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, तुम्हाला कुठली परदेशी भाषा शिकायची? शिक्षकांना वाटलं असेल मुलं अमुक सांगतील. बहुतेक मुलांनी जपानी सांगितली. का, तर त्यांना रोबो बनवायचे होते. शाळेत जपानी येणारं कोणी नव्हतं. शहरातल्या एका जाणकाराने इंटरनेटवरून फुकट वर्ग घेतले. तेव्हा टाळेबंदी होती आणि सगळ्यांच्या घरी फोन नव्हते. ज्यांच्याकडे फोन होता ती मुलं शिकली आणि ती 'विषयमित्र' होऊन बाकीच्यांना शिकवायला बसली. डांबरी रस्ता धड नसलेल्या गावात पोरं एकमेकांशी जपानीत बोलायला लागली.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. मुलांना विचारलं गेलं. पालकांनी क्लास लावला नाही, पोरांनी भाषा निवडली. तुमच्या पोरीला स्पॅनिशच हवी आहे का, की क्लासच्या जाहिरातीला ती हवी आहे, हे आधी पोरीलाच विचारा.

आणि आता मुरबाडच्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे मुलं शाळेत येईनात, कारण गुरं राखायची असत. तर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, मुलांच्या हाताला जे लागेल ते शिकायचं सामान. परक्या वस्तू आणि परके शब्द मुलांच्या अंगावर फेकले नाहीत. त्यांच्या रानातून सुरुवात केली. आज स्पॅनिशच्या नावाने मोठमोठ्या शाळा ज्याला नवी पद्धत म्हणतात, फिरा, हाताने करा, खेळा, ती आपल्या जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वी गुराख्यांच्या पोरांसाठी वापरली गेली होती. आपल्याला ती बाहेरून आणायची गरज नाही.

तेव्हा ताई, घरची बोली बंद करू नका. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तुमची तर उंबरठ्यावर बदलते. तुमचं पोरगं घरात कातकरी ऐकतं, शाळेत मराठी ऐकतं, भट्टीवर हिंदी. दोन वस्तूंना दोन नावं असू शकतात हे त्याला पाच वर्षांचं असताना कळलंय. शहरातल्या एकभाषी मुलाला हे कळायला शाळेत पैसे भरावे लागतात. घरची बोली सोडून त्याचं मराठी सुधारणार नाही. उलट ज्या भाषेत त्याला विचार करता येतो, भांडता येतं, आजीची गोष्ट कळते, तीच हातातून गेली तर दुसरी कशाच्या आधाराने शिकणार? २०२०चं नवं शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. घरी भरपूर बोला. तुमच्या बोलीतल्या गोष्टी सांगा. आणि शाळेत जाऊन बाईंना सांगा की पोराला हसलं जातं.

आणि स्पॅनिशचा इथे काय संबंध? आहे. मराठीच्या तासाला कातकरी पोर मागून सुरुवात करतं, गावातल्या घरांतलं पोर पुढून. इंग्रजीच्या तासाला ज्याचे आई-वडील शिकलेले तो पुढे. पण स्पॅनिशच्या तासाला वाडीवरचं पोर, पाटलांची लेक आणि खुद्द मास्तर तिघंही शून्यावर उभे. कोणाचा उच्चार कोणाला हसू येण्यासारखा नाही, कारण कोणालाच अजून येत नाही. आणि ज्याला दोन भाषांत ये-जा करायची सवय आहे तो तिसरीत कदाचित आधी पोचेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बघून दुसरं कोणी विचारेल, अरे, हे कसं म्हणायचं? एवढ्यासाठी जरी आठवड्यातून एक तास हा खेळ शाळेत झाला तरी आमच्या मते तो वाया गेला नाही.

आता पैशाचं आणि नोकरीचं, कारण त्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही.

स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसं जवळपास पन्नास कोटी आहेत, वीसेक देशांत. २०११च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख होती, त्यावरून अंदाज घ्या. मुंबई, पुणे, बंगळुरूच्या कंपन्यांत स्पॅनिश येणाऱ्यांना फोनवरची, भाषांतराची, हिशेबाची कामं मिळतात, पर्यटनातही मिळतात. पण ती मिळतात चांगली येणाऱ्याला. या भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि कामाला साधारण चौथी पायरी तरी लागते. इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश शिकवायला तिकडच्या सरकारी प्रशिक्षणात सहाशे ते साडेसातशे तास धरतात. आठवड्याला तीन तास धरले तर चार-पाच वर्षं. म्हणजे आठवीत सुरू केलं तर बारावीला पोरगी तयार. जो क्लास तीन महिन्यांत फाडफाड बोलायला लावतो म्हणतो, त्याला हा हिशेब विचारा. फी आगाऊ भरू नका. एक तास फुकट बसू द्या म्हणा. शिकवणारी व्यक्ती कुठली परीक्षा पास झाली आहे तेही विचारा. स्पेन सरकारची सेर्वान्तेस संस्था दिल्लीत आहे, तिची 'देले' नावाची परीक्षा जगभर मानतात, आणि शाळकरी मुलांसाठी तिची वेगळी परीक्षाही असते. स्पेनच्या सरकारी रेडिओचे कार्यक्रम इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. पहिले सहा महिने एवढ्यावर भागतं.

भाषा उलट्या दिशेनेही प्रवास करते, हेही सांगून ठेवतो. बार्सिलोनात १९२० साली जन्मलेले विन्सेंट फेरर १९५२ मध्ये भारतात आले आणि मनमाडच्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदायला लागले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडायचा हुकूम झाला तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मनमाडहून मुंबईकडे चालत निघाले. पुढे ते आंध्रातल्या अनंतपूरला गेले आणि २००९ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या संस्थेमार्फत तिथल्या गावातली मुलं आणि स्पेनमधली कुटुंबं एकमेकांना पत्रं लिहितात. ती पत्रं या भाषेतून त्या भाषेत करणारी माणसं लागतातच. खेड्यात स्पॅनिश कशाला लागेल, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

शेवटचं कामाचं. नव्या धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांची जी नावं दिली आहेत त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, रशियन यांच्याबरोबर स्पॅनिशही आहे. कागदावर आहे, शाळेत शिक्षक नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मुरबाडच्याच फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी-सत्तरीच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. या वयात कशाला, असं विचारणारे तेव्हाही असतीलच. तेव्हा समितीच्या पुढच्या सभेत मागे बसून सही करून येऊ नका. दोन गोष्टी मांडा. एक, वर्गात कुठल्याही मुलाच्या घरच्या बोलीला हसलं जाणार नाही, आणि बाईंनी त्या बोलीतले दहा शब्द तरी फळ्यावर लिहावेत. दोन, शनिवारी एक तास मुलांना विचारून एखाद्या परक्या भाषेचा खेळ व्हावा, ज्यांना फोनवरून येईल त्यांनी विषयमित्र व्हावं. सहलीचं ठरत असेल तर वसईचं नाव सुचवा. मडकं आणि पतंगाचा कागद लागेल, तो खर्च फार नाही.